एक महिन्याचे संग्रहालय



आजचा विषय जाहीर झाल्यावर एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला गणपतीच्या घाटावर गाठले आणि विचारले, "अहो, या व्यासपीठावर संतवाङ्मय झाले, शेती झाली, अर्थकारण झाले. आता विलायतेतल्या एका पॉप गायकाच्या कपड्यालत्त्यांवर तुम्ही तासभर काय बोलणार?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल. पहिला भाग सोपा आहे. हा गायक आपल्याला वाटतो तितका परका नाही. आपल्या वाईहून पसरणीचा घाट चढून गेले की जी पाचगणी लागते, तेथील सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात तो वाढला. दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. गायक जातो आणि गाणे उरते. पण गाण्याबरोबर त्याच्या वह्या, वाद्ये, पोशाख, चिठ्ठ्याचपाट्याही उरतात. त्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न लंडनला जसा पडतो तसाच वाईलाही पडतो. अलीकडे लंडनमध्ये या प्रश्नाची दोन निरनिराळी उत्तरे दिली गेली. त्यांतले एक मी प्रत्यक्ष पाहिले. ते पाहताना मला आनंद झाला आणि बाहेर पडताना मन खट्टू झाले. असे का झाले, ते आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

पाचगणीचा मुलगा

जगाला ठाऊक असलेले त्याचे नाव फ्रेडी मर्क्युरी. जन्मनाव फारोख बुलसारा. बुलसार म्हणजे आजचे वलसाड. त्यावरून पडलेले हे पारशी आडनाव. त्याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळील झांजिबार बेटावर झाला. वडील बोमी बुलसारा तेथे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. मुलाला चांगले शिक्षण मिळावे म्हणून त्यांनी त्याला वयाच्या आठव्या वर्षी आगबोटीने मुंबईला आणि तेथून पाचगणीला धाडले. सुट्टीत तो मुंबईला आजीकडे आणि मावशीकडे राहत असे. आठ वर्षांचे पोर, आईबाप समुद्रापलीकडे, आणि पाचगणीची थंडी! वसतिगृहात राहिलेल्यांना याचा अर्थ सांगावा लागणार नाही.

या शाळेत दोस्तांनी फारोखचा 'फ्रेडी' केला. येथेच तो पियानो शिकला, आणि १९५८ च्या सुमारास चार सोबत्यांना घेऊन त्याने 'हेक्टिक्स' नावाचा वाद्यवृंद काढला. शाळेच्या समारंभांत ही पाच पोरे त्या काळची इंग्रजी गाणी वाजवीत. पुढे तो झांजिबारला परतला. जानेवारी १९६४ मध्ये तेथे राज्यक्रांती झाली आणि बुलसारा कुटुंब मोजके सामान घेऊन इंग्लंडला गेले. तेथे फारोख चित्रकलेच्या महाविद्यालयात गेला आणि १९६९ साली त्याने आलेख्यकलेची पदविका मिळविली. १९७० साली ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्यासह त्याने 'क्वीन' हा वृंद उभा केला; पुढल्या वर्षी जॉन डीकन त्यांना येऊन मिळाले. वृंदाचे मानचिन्ह फ्रेडीने स्वतः काढले. शिकलेली चित्रकला अशी कामाला आली.

पॉप हा शब्द 'लोकप्रिय' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे लघुरूप आहे. तबकडीवर, रेडिओवर, पुढे दूरचित्रवाणीवर जे गाणे लाखो लोकांनी ऐकावे म्हणून केले जाते, ते पॉप. त्यात उथळ पुष्कळ असते, जसे आपल्याकडे सिनेमाच्या गाण्यांतही असते. पण एखादा कलावंत त्याच साच्यात राहून साचा मोडतो. १९७५ साली 'क्वीन'ने 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे गाणे काढले. रेडिओवरचे गाणे तीन मिनिटांचे असावे असा तेव्हा संकेत होता. हे जवळजवळ सहा मिनिटांचे होते. त्याला पालुपद नाही. आरंभ शांत विलापाचा, मध्ये ऑपेरासारखा अनेक आवाजांचा कल्लोळ, मग गिटारचा धडाका आणि पुन्हा शांतता. हे गाणे चालणार नाही असे जाणत्यांनी सांगितले होते. ते इंग्लंडमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

१३ जुलै १९८५ रोजी इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी लंडनच्या वेंब्ली मैदानावर मोठा जलसा झाला. त्यात 'क्वीन'च्या वाट्याला जेमतेम वीस मिनिटे आली. त्या वीस मिनिटांत या माणसाने सत्तर हजारांचा समुदाय एका सुरात गाता केला. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आपणास एड्स झाल्याचे जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी तो वारला. वय अवघे पंचेचाळीस. अंत्यविधी जरथुस्त्री धर्मगुरूंनी केले. पाचगणीविषयी तो जाहीरपणे फारसे कधी बोलला नाही. त्यामुळे आपण त्याला ओळखले ते बहुधा तो गेल्यावर, आणि तरुण पिढीने तर २०१८ साली आलेल्या चित्रपटामुळे.

न्यू बाँड स्ट्रीटवरची रांग

मृत्युपत्रान्वये त्याचे लंडनमधील 'गार्डन लॉज' हे घर आणि त्यातील वस्तू मेरी ऑस्टिन या बाईंकडे आल्या. एके काळी त्यांचा आणि फ्रेडीचा विवाह ठरला होता. तो झाला नाही, पण मैत्री जन्मभर टिकली. तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी त्या वस्तू बहुतांशी आहेत तशा सांभाळल्या. मग आपल्या हयातीतच सारी निरवानिरव करावी असा विचार करून २०२३ साली त्यांनी त्या सोदबी या लिलाव करणाऱ्या प्रसिद्ध पेढीकडे दिल्या. लिलावापूर्वी ४ ऑगस्ट ते ५ सप्टेंबर असा महिनाभर तो सारा संग्रह पेढीच्या न्यू बाँड स्ट्रीटवरील इमारतीत मांडण्यात आला. प्रवेश विनामूल्य होता. प्रदर्शन संपले तो दिवस फ्रेडीच्या जन्मदिनाचा.

त्या ऑगस्टमध्ये मी मुलीकडे लंडनला होतो. जावई म्हणाले, "बाबा, तुमच्या पाचगणीच्या माणसाचे प्रदर्शन आहे, चला." इमारतीच्या दर्शनी भागावर एक भलीमोठी मिशी टांगलेली होती! फ्रेडीची मिशी प्रसिद्ध होती. तिच्याखालून माणसे आत जात होती आणि रांग रस्त्याच्या कडेने लांबवर पोचली होती. महिनाभरात सुमारे एक लाख चाळीस हजार लोक ते प्रदर्शन पाहून गेले. ज्या पेढ्यांवर एरवी धनिकांची मोटार थांबते, तेथे शाळकरी पोरांपासून काठी टेकणाऱ्या आजोबांपर्यंत सारे उभे होते. माझ्यापुढे साठीच्या एक बाई होत्या. मी हिंदुस्थानातला, आणि फ्रेडीच्या शाळेच्या डोंगराखाली राहणारा, हे कळल्यावर त्यांनी माझा हात धरला. आपल्याकडे पंढरीहून आलेल्याचा हात धरतात तसा.

आता आत काय होते ते सांगतो. पण त्याआधी एक विचार ध्यानात घेतला पाहिजे. चित्रकाराचे संग्रहालय करणे सोपे. त्याचे चित्रच भिंतीवर टांगता येते. शिल्पकाराची मूर्ती दालनात उभी करता येते. गायकाचे काय? त्याची कृती हवेत विरून जाते, किंवा फार तर ध्वनिमुद्रिकेत राहते, आणि ती तर घरबसल्या कोणालाही ऐकता येते. मग गायकाच्या प्रदर्शनात पाहावयाचे ते काय? मला वाटते, तेथील वस्तू तीन प्रकारच्या असतात. पहिल्या, त्याने अंगावर घातलेल्या. दुसऱ्या, त्याने घरात बाळगलेल्या. तिसऱ्या, ज्यांच्या साहाय्याने त्याने काम केले त्या. गर्दी पहिल्यांपुढे अधिक असते. पण समज वाढते ती तिसऱ्यांपुढे.

पहिल्या प्रकारात सर्वांत दिमाखदार होता तो मुकुट आणि लाल मखमालीचा झगा. इंग्लंडच्या राजाच्या राज्याभिषेकाच्या मुकुटावरून तो बेतलेला. १९८६ च्या दौऱ्यात कार्यक्रमाच्या अखेरीस फ्रेडी तो धारण करून येई. जवळून पाहिले तर खोटे खडे, खोटी लोकर. आपल्या नाटकमंडळ्यांच्या पेटाऱ्यातला राजमुकुट आठवावा. रंगमंचावर खरे सोने लागत नाही. तेथे तो घालणारा माणूस खरा लागतो.

दुसऱ्या प्रकारात त्याचे घरच जणू उचलून आणले होते. त्याला जपानी कलेचा मोठा नाद होता. किमोनो होते, आणि हिरोशिगे या थोर जपानी चित्रकाराचे, पुलावर अकस्मात कोसळणाऱ्या सरीचे लाकडी ठशांचे चित्र होते. शब्द जुळविण्याच्या खेळाचा पट होता. मिशी विंचरण्याची बोटभर लांबीची रुप्याची फणी होती. एका भिंतीवर तिसो या फ्रेंच चित्रकाराने रंगविलेल्या एका स्त्रीचे चित्र होते. ते त्याने ऑक्टोबर १९९१ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या महिनाभर आधी, विकत घेतले होते. आपले दिवस भरत आले हे ज्याला कळले आहे, तो माणूस नवे चित्र घेतो आणि भिंतीवर लावतो. त्या चित्रापुढे मी बराच वेळ उभा राहिलो.

आणि मग तो हिरवा दरवाजा. गार्डन लॉजच्या कुंपणभिंतीतील हा दरवाजा. फ्रेडी गेल्यानंतर जगभरातून लोक तेथे येत आणि त्यावर दोन ओळी लिहून जात. वर्षानुवर्षांचा तो मजकूर त्या लाकडावर एकमेकांत मिसळून गेला होता. नवसाच्या दोऱ्यांनी झाकलेला वड जसा दिसतो, तसा तो दरवाजा दिसत होता.

खाडाखोडीचे मोल

तिसऱ्या प्रकारच्या वस्तू दोनच सांगतो. एक पियानो. १९७५ साली घेतलेला, काळा, घरगुती आकाराचा. यानंतरची कितीतरी गाणी त्याने यावर बसून रचली. दुसरी वस्तू म्हणजे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या शब्दांचा कच्चा मसुदा: पंधरा पाने, एका विमानकंपनीच्या छापील कागदांवर, शिसपेन्सिलीने आणि शाईने लिहिलेली.

या गाण्याभोवती दंतकथा पुष्कळ आहेत. ते एका आवेगात सुचले, आकाशातून उतरले, असे लोकांना वाटते. कलेविषयी आपल्याला असेच वाटत असते. कारण तयार झालेले गाणे इतके सहज ऐकू येते की ते दुसऱ्या कोणत्या प्रकारे असू शकले असते ही कल्पनाच मनात येत नाही. पण त्या मसुद्यात शीर्षकाच्या जागी आधी काय लिहिले होते? 'मंगोलियन ऱ्हॅप्सडी'! त्यातला 'मंगोलियन' शब्द खोडला आहे आणि वर 'बोहेमियन' लिहिले आहे. पुढल्या पानांवर शब्दांच्या रांगाच्या रांगा आहेत. लिहिलेले, खोडलेले, बाण मारून दुसरीकडे नेलेले. गाण्यात आलेल्या शब्दांपेक्षा न आलेले शब्द पुष्कळ आहेत.

श्रोतेहो, प्रदर्शनाला जाण्याचे खरे कारण मला त्या काचेपुढे कळले. ध्वनिमुद्रिका आपल्याला गाणे देते, पण गाण्यामागचे श्रम लपवून ठेवते. तिने लपवावेत हेच बरोबर आहे. ते श्रम दाखविणे हे संग्रहालयाचे काम. पंधरा वर्षांचा एखादा मुलगा ते पान पाहतो आणि त्याच्या ध्यानात येते की हा मोठा गायकही अडखळला, चुकला, पुन्हा बसला. ही गोष्ट कोणत्याही पोशाखातून कळत नाही. खोडलेला एक शब्द त्या मुलाला जे शिकवील ते शंभर मुकुट शिकवणार नाहीत.

मात्र यालाही एक अट आहे. मसुदा आणि पियानो जवळजवळ हवेत. जपानी चित्रे पाहिली की रंगमंचावरचे पोशाख कोठून आले ते कळते; चित्रकलेच्या महाविद्यालयातील दिवस ठाऊक असले की मानचिन्हाचा उलगडा होतो. वस्तू एकमेकींविषयी बोलतात. एकत्र असल्या तर त्यांचे चरित्र होते, आणि सुट्या झाल्या की त्या प्रसादाच्या पुड्या होतात. पुडी मिळालेल्याला समाधान मिळते, पण देवळात काय होते ते पुडीवरून कळत नाही.

हातोडा पडल्यावर

रांगेत भेटलेल्या त्या बाई मसुद्याच्या काचेशी मला पुन्हा भेटल्या. त्यांनी तेथील पहारेकऱ्याला विचारले, "पुढच्या महिन्यात हे कुठे पाहायला मिळेल?" तो नम्रपणे म्हणाला, "ते कोण घेतो त्यावर आहे, बाईसाहेब." बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि ते पान पहिल्यापासून पुन्हा वाचावयास घेतले.

६ सप्टेंबरला लिलाव सुरू झाला. चौदाशेहून अधिक गठ्ठे पुकारले गेले आणि एकही परत गेला नाही. एकंदर रक्कम सुमारे चार कोटी पौंड झाली. मसुदा सुमारे पावणेचौदा लाख पौंडांना गेला, मुकुट व झगा सहा लाख पस्तीस हजारांना, आणि लोकांच्या अक्षरांनी भरलेला तो दरवाजा चार लाखांहून अधिक किमतीला.

लिलावाची रीत आपल्याला बाजार समितीमुळे माहीत आहे. येथे फरक इतकाच की प्रत्येक वस्तूपुढे तज्ज्ञ आधी आपला अंदाज छापतात. त्या अंदाजाशी प्रत्यक्ष किंमत ताडून पाहिली म्हणजे बाजाराचे मन कळते. मिशीच्या फणीचा अंदाज होता चारशे ते सहाशे पौंड. ती गेली एक लाख बावन्न हजार चारशेला, म्हणजे अंदाजाच्या अडीचशे पट! पियानोचा अंदाज होता वीस ते तीस लाख. तो गेला सतरा लाख बेचाळीस हजारांना, म्हणजे अंदाजाच्याही खाली. ज्या वाद्यावर गाणी जन्मली त्याला अपेक्षेपेक्षा कमी, आणि ज्या फणीने मिशी विंचरली तिला स्वप्नातही नव्हते इतके. बाजार दुष्ट आहे असे मी म्हणत नाही. बाजार आठवणीची किंमत करतो, ज्ञानाची करीत नाही. तो त्याचा धर्मच नव्हे.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. वस्तू मेरीबाईंच्या होत्या. देणाऱ्याने त्या त्यांना प्रेमाने दिल्या होत्या. तीस वर्षे त्यांनी त्या जिवापाड जपल्या. उत्पन्नाचा काही भाग एड्सविरुद्ध काम करणाऱ्या दोन संस्थांना गेला. त्यांतली एक फ्रेडीच्याच नावाने, त्याच्या सोबत्यांनी काढलेली आहे. आणि त्यांनी सारे गुपचूप विकले असते तर एक लाख चाळीस हजार लोकांना ते महिनाभर, तेही फुकट, पाहता आलेच नसते. म्हणून त्यांना दोष देण्याचे मला कारण दिसत नाही. तरीही ब्रायन मे यांनी हा लिलाव पाहणे आपल्याला सोसवत नसल्याचे जाहीरपणे सांगितले, तेव्हा पुष्कळांच्या मनातले ते बोलले. दोघांचेही खरे आहे. अशा वेळी प्रश्न व्यक्तीचा राहत नाही, समाजाचा होतो. त्या दरवाजावरचा मजकूर कोणाचा होता? तो मेरीबाईंचा नव्हता आणि फ्रेडीचाही नव्हता. तो लोकांचा होता. आणि लोकांच्या वतीने तो घ्यावयास कोणी उभे नसेल, तर तो ज्याच्या खिशात चार लाख पौंड असतील त्याच्या घरी जाणार.

दुसरा मार्ग

त्याच लंडनमध्ये दुसरे उत्तरही आहे. डेव्हिड बोवी हा फ्रेडीचा समकालीन गायक. १९८१ साली दोघांनी मिळून एक गाजलेले गाणेही केले. बोवीचा स्वभाव निराळा. तो स्वतःचा कागद टाकीत नसे. पोशाख, आराखडे, शब्दांचे कात्रण करून जुळविलेल्या ओळी, पत्रे, सारे त्याने पद्धतशीर जतन करविले. २०१३ साली लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयाने त्या पंच्याहत्तर हजार वस्तूंतून सुमारे तीनशे निवडून प्रदर्शन मांडले. प्रेक्षकाच्या कानाला श्रवणयंत्र लावलेले असे आणि तो ज्या वस्तूपुढे जाईल तिच्याशी निगडित गाणे आपोआप कानात सुरू होई. म्हणजे गायकाच्या प्रदर्शनात गाणे कसे आणावे, या अडचणीवर त्यांनी तोड काढली. तीन लाखांहून अधिक लोकांनी ते तेथे पाहिले. मग ते देशोदेशी फिरले आणि २०१८ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे संपले. तोवर पाहणाऱ्यांची संख्या वीस लाखांपलीकडे गेली होती.

बोवी जानेवारी २०१६ मध्ये वारला. पण त्याचा संग्रह फुटला नाही. तो सबंध त्या संग्रहालयाकडे जाणार हे २०२३ सालीच, म्हणजे फ्रेडीच्या वस्तूंचा लिलाव झाला त्याच वर्षी, जाहीर झाले. १३ सप्टेंबर २०२५ रोजी पूर्व लंडनमध्ये त्याचे केंद्र लोकांना खुले झाले. वस्तू नव्वद हजारांच्या घरात आहेत. तेथील एक सोय मला सर्वांत मोलाची वाटते. मांडलेल्या वस्तू तर पाहावयाच्याच. पण कोठारातली एखादी वस्तू आधी नोंद करून मागविली तर ती आपल्यापुढे आणून ठेवतात, आणि त्याला पैसे पडत नाहीत. ग्रंथालयात आपण पुस्तक मागवितो तसा तेथे एखादा विद्यार्थी बोवीच्या हाताचा मसुदा मागवू शकतो.

याला पैसा लागला. दोन धनिक संस्थांनी मिळून एक कोटी पौंड दिले. पण नुसत्या पैशाने हे झाले नसते. त्यामागे तीन गोष्टी होत्या. कलावंताने स्वतः जपले. वारसांनी फोडले नाही. आणि घ्यावयाला एक सार्वजनिक संस्था तयार होती. या तिन्हींपैकी एक जरी नसती तर संग्रह उभा राहिला नसता. आपल्याकडेही हे अशक्य नाही. पुण्याला दिनकर केळकरांनी उभे आयुष्य हिंडून जमविलेला संग्रह शेवटी राज्यशासनाच्या स्वाधीन केला. त्यातली जुनी वाद्ये आज कोणीही जाऊन पाहू शकतो.

तिकिटांची वही

आता पुन्हा पाचगणीला येतो. फ्रेडीच्या वस्तूंपैकी सार्वजनिक ठिकाणी काहीच नाही, असे मात्र नाही. झांजिबारला, त्याच्या जन्मगावी, २०१९ साली त्याच्या नावाचे छोटे संग्रहालय उघडले आहे. आणि लंडनमध्ये टपालाच्या संग्रहालयात एक वही आहे. तिची हकिकत ऐकण्यासारखी आहे.

बोमी बुलसारांना तिकिटे जमविण्याचा छंद होता. तो मुलाने उचलला. वयाच्या नऊ ते बारा या वर्षांत, म्हणजे पाचगणीच्या दिवसांतच, फारोखने आपली वही सजविली. झांजिबारची आणि देशोदेशींची तिकिटे त्यात आहेत. ती कशी लावली आहेत ते पाहण्यासारखे आहे: देश, साल यांपेक्षा पानाची शोभा सांभाळून, उजवीकडे जे तेच डावीकडे, असे समतोल. पुढे रंगमंचावर आणि मानचिन्हात जी नजर दिसली ती त्या पोराच्या पानांत आधीच आहे. फ्रेडीच्या मृत्यूनंतर, १९९३ साली, बोमीरावांनी आपला तिकीटसंग्रह लिलावात काढला आणि ती वही इंग्लंडच्या टपालखात्याने विकत घेतली. आलेले पैसे त्यांनी एड्सविरुद्ध काम करणाऱ्या, मुलाच्या नावाच्या संस्थेला दिले.

म्हणजे पाहा, लिलाव तोच, हातोडा तोच. पण त्या दिवशी घेणाऱ्यांत एक सार्वजनिक संस्था होती. म्हणून ती वही आज लोकांची आहे. आणखी गंमत अशी की १९९९ साली त्याच टपालखात्याने फ्रेडीच्या चित्राचे तिकीट काढले. तिकिटे चिकटवणारे पोर स्वतःच तिकिटावर गेले! त्यावरून वादही झाला; कारण चित्रात मागे ढोल वाजविणारे रॉजर टेलर दिसतात, आणि राजघराण्याबाहेरील हयात माणूस तिकिटावर छापावयाचा नाही असा तेथे संकेत होता.

मुलीकडे असताना मी ती वही पाहावयास गेलो नाही. तिची हकिकत मला नंतर कळली. याची मला रुखरुख आहे. पण त्याहून मोठी रुखरुख निराळीच आहे. ज्या मुलाने आपल्या डोंगरावर बसून पहिली गाणी वाजविली, त्याचे नाव आपण अभिमानाने घेतो, आणि मुंबईपुण्याच्या पाहुण्यांना शाळेकडे बोट करून दाखवितो. त्या बोटाने आपण आजवर दुसरे काय केले? आणि फ्रेडीचे सोडा. आपल्या गावात भजनी मंडळांतून जन्मभर गायलेले बुवा होऊन गेले. शाहीर, सोंगाडे, पेटी आणि ढोलकी वाजविणारे होऊन गेले. त्यांच्या चाली लिहिलेल्या वह्या कोठे आहेत? काही माळ्यावर आहेत, काही वाळवीच्या पोटात आणि काही रद्दीवाल्याकडे. तेथे तर लिलावही होत नाही. किलोच्या भावाने जाते.

म्हणून माझे आपल्याला एवढेच सांगणे आहे. आपल्या घरात असे काही असेल तर फेकण्यापूर्वी एकदा उघडून पाहा. वहीवर कोणाची, कोणत्या सालची, एवढे शिसपेन्सिलीने लिहून ठेवा. खाडाखोड असलेले पान 'खराब' म्हणून फाडू नका; सर्वांत आधी तेच जपा. आणि आपल्या ग्रंथालयाच्या चालकांना माझी विनंती आहे की एक कपाट यासाठी मोकळे करावे. एक कपाट, एक नोंदवही आणि मागेल त्याला दाखविण्याची तयारी. संग्रहालयाचा आरंभ याहून मोठा असावा लागत नाही.

त्या रांगेतल्या बाईंचा प्रश्न मी आपल्यापाशी ठेवून जातो: "पुढच्या महिन्यात हे कुठे पाहायला मिळेल?" आपल्या गावातल्या गाणाऱ्यांविषयी हा प्रश्न कोणी विचारला, तर निदान त्याला कपाटाचा क्रमांक सांगता यावा.